नानांचा फीड पंप आणि मायणीपुढची चिंच

स्पेअर पार्टच्या दुकानात दोन प्रकारचा माल साठतो. एक, जो कोणी नेत नाही: बंद पडलेल्या मॉडेलची गॅस्केटं, चुकून जास्त मागवलेले बेल्ट. दुसरा, गिऱ्हाइकं जो काउंटरवर ठेवून जातात: किस्से. पहिल्यावर धूळ बसते. दुसरा हाताळून हाताळून चकचकीत होतो, आणि माझी बायको म्हणते की दर वेळी थोडा वाढतोही. असेल. पण आज सांगतोय त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही, कारण घालायला जागाच नव्हती.

माझं दुकान सांगलीशेजारी कुपवाडला, कारखान्यांच्या रस्त्यावर. शेजारी रज्जाक मिस्त्रीचं गॅरेज, समोर शिवाचा चहाचा गाडा. ट्रकवाले आधी रज्जाककडे येतात, रज्जाक त्यांना माझ्याकडे पाठवतो आणि मी शिवाकडे. आमचं तिघांचं बरं चाललंय. आमच्या बोलण्यात जो पार्ट सगळ्यात जास्त येतो तो म्हणजे फीड पंप.

ज्यांचा डिझेलच्या गाडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनाकडे पोचवणारा, मुठीत मावेल एवढा हा पंप. तो दमला की गाडी उपाशी. त्याच्या डोक्यावर एक दट्ट्या असतो. तो हातानं वरखाली केला की लाइनीत शिरलेली हवा निघून जाते. त्या हवेला आम्ही एअर म्हणतो. जुन्या ट्रकला इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मध्ये असतं. झाकण उचललं की बसल्या जागी हात दट्ट्यापर्यंत पोचतो.

एवढं लक्षात ठेवा, पुढचं सोपं आहे.

*

आमच्याकडे फीड पंप पसंत करायची एक रीत आहे. डिझेल आत शिरायच्या भोकावर अंगठा दाबायचा आणि दुसऱ्या हातानं दट्ट्या ओढायचा. अंगठा आत ओढला गेला की पंप पास. त्यामुळे माझ्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच जणांच्या अंगठ्यावर लाल गोल उठलेला असतो. शिवानं एकदा विचारलं होतं, "भाऊ, आज मतदान हाय काय?"

बाजीनाना पहिल्यांदा आले ते याच कामाला. नाना माण तालुक्यातले, दहिवडीजवळचे. फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शन घेऊन आल्यावर मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर काही वर्षं काढली आणि मग एक जुना ट्रक घेतला. तिकडचा कांदा सांगलीला आणायचा, इकडून पेंडीची पोती न्यायची. मिशा पांढऱ्या, पण पीळ फौजेतला. बोलणं असं की एका वाक्यात काम होत असेल तर अर्ध्यातच थांबतील.

त्यांनी शोकेसमधले सगळे पंप काउंटरवर मांडायला लावले. कंपनीचा, लोकल, दोन्हींच्या मधले. बैल घेताना दात बघावेत तसा एकेकाला अंगठा लावला, आणि शेवटी उचलला तो सगळ्यात स्वस्त लोकल.

मी म्हटलं, "नाना, हा गरम झाला की दम तोडतो."

"अंगठा वडला का न्हाई?"

"ओढला."

"मग झालं. गाडी म्हातारी हाय. तिला म्हाग औषीद कशाला?"

गॅरेजमधून रज्जाक ओरडला, "नाना, आत्ता थंड हाय म्हणून ओढतोय. भरल्या गाडीनं चढ लागला की मग लावा अंगठा!"

नाना पंप रुमालात बांधत म्हणाले, "चढाला माजा अंगठा स्टेरिंगवर असतुया."

पुढच्याच खेपेला गाडी चढावर थांबली.

*

तो चढ मायणीच्या पुढे, सांगलीकडे येताना लागतो. लांबलचक आहे, आणि अर्ध्यात रस्त्याकडेला एक मोठी चिंच. कांद्यानं भरलेली गाडी तिथवर येईतो पंप तापायचा, डिझेल ओढायचं सोडायचा आणि इंजिन गप्प व्हायचं. मग चिंचेखाली बसायचं. पंप निवला की दट्ट्या हाणायचा, एअर काढायची आणि निघायचं. हे दर खेपेला. गाडी चिंच ओळखायला लागली होती.

मी पंप बदलून दिला. दुसरा लोकलही तिथंच थांबला. कंपनीचा घ्या म्हटलं तर नाना भाव ऐकून नुसते मिशीला हात लावायचे.

त्यांच्या गाडीवर एक क्लीनर होता, चांगला जाणता गडी. महिनाभरात त्यानं हात जोडले. जाताना म्हणाला, "नाना, मला गाडीवर काम पायजे हुतं. तुमी झाडाखाली लावलंय."

दुसरा कोणी यायला तयार होईना. आणि स्टेअरिंग, दट्ट्या, चाकाखालचा दगड हे सगळं एकट्या माणसानं करायचं म्हणजे त्या चढावर अवघडच.

मग एका सकाळी नानांची गाडी दुकानासमोर लागली आणि डाव्या दारातून एक बाई उतरल्या. अंगावर हिरवं लुगडं, डोक्याला फौजेतला खाकी मफलर, खांद्यावर पुसायचं फडकं. उतरल्या उतरल्या त्यांनी पहिलं काम केलं ते मागच्या चाकाला दगड लावायचं.

नाना म्हणाले, "ही आमची मंडळी."

मी नमस्कार केला. नानांना वाटलं ओळख अपुरी झाली, म्हणून पुढं म्हणाले, "क्लीनर."

रज्जाकनं बाईंनी लावलेला दगड पायानं हलवून बघितला. तो जागचा हलला नाही. "हे क्लीनर टिकणार," तो म्हणाला.

*

त्या हिराकाकी. पुढं त्या माझ्या बायकोच्या मैत्रीणच झाल्या. गाडी खाली होईपर्यंत दुकानामागं आमच्या घरी चहाला बसायच्या.

माझी बायको फार चौकशी करते. तिनं एकदा विचारलं, "काकी, ह्या वयात ट्रकवर दगदग होत नाही का?"

काकी म्हणाल्या, "व्हतीया की. कंबार मोडती." आणि मग बशीतला चहा फुंकत जे बोलल्या ते बायकोनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"वैनी, लगीन झालं तवा हे फौजेत. सुट्टीला यायचे, तर गावचे लोक भेटाय. मग मुंबई. मग ह्यो ट्रक. मी आपली माणात, शेरडं राखत. समद्या संसारात ह्येंचं माज्यासंगं जेवढं बोलणं झालं नसंल, तेवढं आता त्या चिंचंखाली झालं. कसलं कसलं सांगत्यात. बरफातली गाडी, त्यो मद्रासी दोस्त. मला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं."

मग कप पालथा घालून म्हणाल्या, "पर पंप नीट झाला की मी घरी. शेरडांकडं बगाय कोण हाय? जाऊबाई किती दिस बगंल?"

त्यानंतर दर खेपेला त्या काउंटरशी यायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, चांगला पंप आला काय वो?" मी नाही म्हटलं की "बरं" म्हणायच्या. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण माल नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा खुललेला मी फक्त तेवढाच बघितला.

*

एकदा काकींना सांगलीतलं विश्रामबाग बघायचं होतं. माझ्या बायकोनं तिथल्या आइस्क्रीमच्या दुकानाचं वर्णन केलं होतं, त्याचा हा परिणाम. नानांनी रिकामा ट्रक घेतला आणि थेट चौकात नेऊन उभा केला. काकी कोन आणायला उतरल्या. इंजिन सुरूच.

ट्रॅफिकचा पोलीस आला. त्यानं खिडकीतून हात घालून चावी काढून घेतली आणि म्हणाला, "आता बसा हितंच."

नाना म्हणाले, "बरं."

गाडी धडधडतच होती. पोलिसानं हातातल्या चावीकडे बघितलं, मग गाडीकडे.

जुन्या डिझेल गाड्यांचं हे असंच असतं. चावीनं त्या चालू होतात, बंद होत नाहीत. बंद करायला स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला एक मूठ असते. ती ओढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. मूठ मग बाहेरच राहते. आत ढकलेपर्यंत कितीही स्टार्टर मारा, गाडी उठत नाही.

पोलीस म्हणाला, "बंद करा ती."

नाना म्हणाले, "चावी तुमच्याकडं हाय."

हे किती वेळ चाललं असतं सांगता येत नाही. तेवढ्यात काकी दोन कोन घेऊन आल्या. कोणाचं काय बिनसलंय हे त्यांना कळलं नाही, पण माणूस तापलाय एवढं कळलं. त्यांनी एक कोन त्याच्या हातात दिला. "घ्या दादा, पगाळतंय." एका हातात चावी, दुसऱ्या हातात कोन. पावती फाडायला त्याला तिसरा हातच नव्हता. त्यानं चावी परत दिली.

नानांना कोन मिळाला नाही. वाटेत काकींनी विचारलं, "आवं, चावी न्हाई तर मग ही गप कशानं हुती?" नानांनी मूठ दाखवली. काकींनी गाडी दुकानाशी लागल्यावर ती एकदा ओढून बघितली, एकदा ढकलून बघितली, आणि म्हणाल्या, "लय सोपं हाय की." नानांनी हे सगळं आम्हाला सांगितलं ते कौतुकानंच.

*

मग रज्जाकनं तो पंप उघडला. आतली स्प्रिंग आणि व्हॉल्व बदलून बघू म्हणाला. पण ते किट नेमकं माझ्याकडे नव्हतं आणि नानांची पेंड माणात पोचायलाच हवी होती. रज्जाकनं ड्रायव्हर लोकांचा जुना इलाज केला. डिझेलचा कॅन केबिनच्या टपावर बांधला, त्याला पाइप जोडून खाली इंजिनाला दिला. डिझेल आपोआप वरून खाली येणार, पंपाचं काम नाही.

जाताना एका नाक्यावर गाडी अडवली. साहेबांनी टपाकडे बोट केलं. "वर काय बांधलंय?"

नाना शब्द शोधत होते, तेवढ्यात काकी खिडकीतून म्हणाल्या, "आजारी हाय वो ती. सलाईन लावलंय."

साहेबांनी कॅन बघितला, खाली आलेला पाइप बघितला. "मग हळू न्या," म्हणाले.

त्याच सलाईनवर पुढची कांद्याची खेपही आली. त्या वेळी गाडी चिंचेखाली थांबली नाही. सरळ कुपवाडला. आम्ही सगळे खूश. रज्जाकनं तर स्वतःच्या पैशानं चहा सांगितला. काकी तेवढ्या जरा घुश्शात होत्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "भाकरी हितवर येऊन खाल्ली. पार वाळली हुती."

*

ही सलाईनची गोष्ट त्यांच्या मुलाच्या, महेशच्या कानावर गेली. महेश मुंबईत नोकरीला. त्यानं फोनवर बापाला झापलं, "नाना, टपावर डिझेल बांधून फिरताय? काय झालं म्हंजे?" आणि दुसरा पंप आपणच पाठवतो म्हणाला. ऑनलाइन. घरपोच.

खोकं आलं ते दुकानाच्या पत्त्यावर. आम्ही सगळे जमलो. आतून फुगेवाल्या प्लॅस्टिकचा पसारा निघाला आणि मग एक सुंदर, चंदेरी वस्तू. फीड पंपच, पण कुठल्या तरी परदेशी पिकअप गाडीचा. विजेवर चालणारा. आमच्या इंजिनावर तो बसवायला जागाही नव्हती आणि भोकंही जुळत नव्हती.

नानांनी रीतीप्रमाणे अंगठा लावला. दट्ट्या शोधला. दट्ट्याच नव्हता.

"वायर लावल्याबिगर ह्यो काय करत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"आपल्या म्हेशासारखंच हाय म्हना की," नाना म्हणाले. महेशला फोन लावला तर तो म्हणाला, "फोटोत आपल्यासारखाच दिसत हुता." परत पाठवायचं ठरलं, पण काकींनी खोकं हातातून सोडलं नाही. पोरानं आपण होऊन धाडलेली वस्तू परत करायची नसते म्हणाल्या. तो पंप आता माणात त्यांच्या घरी टीव्हीशेजारी आहे. दसऱ्याला त्यालाही हळद-कुंकू असतं.

*

शेवटी रज्जाकनंच डोकं चालवलं. "थंड असताना सगळेच पंप चांगले," तो म्हणाला. "माणसाचं पण तसंच. ह्यांना गरम करून बघू."

गरम कुठं करायचं? शिवाकडे. शिवानं आधी ठाम नकार दिला, पण त्यालाही उत्सुकता होतीच. चहाचं मोठं पातेलं पाण्यानं भरून चढवलं. त्यात तीन पंप सोडले. एक नानांचा लाडका लोकल. एक कंपनीच्या डब्यातला, वर चमकणारं स्टिकर. आणि एक मधला. साध्या तपकिरी खोक्यातला, कुठल्याशा लहान कारखान्याचा, भाव कंपनीच्या निम्म्याहून थोडा कमी. हा मी मागवला तेव्हा मलाही त्याची खात्री नव्हती.

पाणी उकळायला लागल्यावर शिवानं सांडशीनं पहिला पंप बाहेर काढला. रज्जाक फडकं देत होता, पण नानांनी उघडा अंगठा लावला. "फौजंतला हाय," म्हणाले. अंगठा भाजला, पण चेहरा हलला नाही.

लोकलनं काहीच ओढलं नाही. मेल्यासारखा.

मग कंपनीच्या डब्यातला. त्यानं जरा ओढलं आणि सोडून दिलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डबा उलटसुलट करून बघितला. स्टिकर खरं दिसत होतं, पण आतला जीव भलताच कोणाचा तरी होता. ज्या एजंटानं तो मला विकला त्याला मी फोनवर काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसरा, तपकिरी खोक्यातला. नानांनी अंगठा लावला, दट्ट्या ओढला, आणि अंगठा सुटेना. रज्जाकनं दट्ट्या ढिला केला तेव्हा कुठं निघाला.

"ह्यो घेतला," नाना म्हणाले.

आम्ही टाळ्या वाजवल्या. शिवाच्या चहाला त्या दिवशी डिझेलचा वास होता. एक ड्रायव्हर पिऊन म्हणाला, "शिवा, आज चा लय पिकअप घेतोय." या सगळ्या दंग्यात काकी मागं उभ्या होत्या. तिसरा पंप पास झाला तसं "झालं मग" म्हणाल्या आणि जाऊन केबिनमध्ये बसल्या. निघताना माझ्या बायकोला तेवढं बोलावून घेतलं. "वैनी, येते. आता कवा येनं हुतंय कुणास ठावं."

*

पुढची खेप नाना एकटेच आले. इतक्या लवकर आले की माझं शटर अजून खाली होतं.

"थांबली का कुठं?" मी विचारलं.

"न्हाई."

"चढाला?"

"सरळ चढली. चिंच कवा गेली कळलं न्हाई."

रज्जाक खूश झाला. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं तो तपकिरी खोक्यातला पंप सांगायला सुरुवात केली, आणि माझे हातोहात खपले. स्वस्तात चांगला पंप कोणता, या प्रश्नाचं उत्तर कुपवाडला नानांमुळे मिळालं म्हणायचं.

नाना मात्र बाकावर बसून राहायचे. गाडी खाली होईपर्यंत रस्त्याकडे बघायचे. जेवायला बोलावलं तर "आणलीया भाकरी" म्हणायचे आणि केबिनमध्ये एकटेच खायचे. अर्धी भाकरी तशीच परत बांधायचे. मी विचारलं, "नाना, पंप बरा आहे ना?"

"झ्याक हाय."

"मग?"

"झ्याक हाय म्हंतोय न्हवं," ते म्हणाले, आणि मिशीला हात लावायचंही विसरले.

असं काही खेपा चाललं. मला त्या माणसाकडे बघवत नसे, खरं सांगतो.

*

आणि मग एक दिवस डावं दार उघडलं आणि काकी उतरल्या. मफलर, फडकं, चाकाला दगड.

नाना माझ्या काउंटरशी आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पंप दम तोडाय लागलाय."

मला ते झोंबलं. सगळ्या रस्त्यावर त्या पंपाचं नाव झालं होतं. रज्जाक तर पाना घेऊनच धावला. "शक्य न्हाई. उघडून बघतो."

नाना केबिनच्या दारात आडवे आले. "नगं. सवडीनं बगू."

"मग नवा नेता का? बदलून देतो, पैसे नकोत," मी म्हटलं.

"नगं. हिच्या हातानं एअर निघती. भागतंय."

फुकट बदलून मिळणारा पार्ट नको म्हणणारं गिऱ्हाईक मी तोवर बघितलं नव्हतं. रज्जाक दोन दिवस धुसफुसत होता. त्याचं म्हणणं, नानांनी पंपाची बदनामी केली आणि तपासूही दिला नाही, याला न्याय म्हणत नाहीत. आत घरात काकी माझ्या बायकोला सांगत होत्या की जाऊबाईंनी शेरडं कायमची अंगावर घेतली, आता इलाजच नाही, पंपच असला निघाला.

*

हा शेवटचा किस्सा.

दहिवडीला आमच्या एका पाहुण्याचं लग्न होतं. जाताना मी एसटीनं गेलो. येताना नाना भेटले, म्हणाले, चला गाडीतनं. मी केबिनमध्ये मागच्या फळीवर बसलो. पुढं उजवीकडे नाना, डावीकडे काकी, मध्ये इंजिनाचं झाकण आणि झाकणावर भाकरीचं गाठोडं, गरम राहायला.

मायणी मागं पडली. माझं सगळं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे. शेवटी पंप माझ्या दुकानातला होता. चढ लागला, नानांनी गिअर टाकला, आणि गाडी पोटभर डिझेल पिऊन चढायला लागली. कुठं अडखळणं नाही, कुठं धाप नाही. असला पंप लाखात एक, मी मनात म्हटलं.

चिंच दिसली.

नानांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. सावकाश, नीट सावलीत. मग त्यांचा डावा हात स्टेअरिंगवरून खाली गेला. मी मागं बसलो होतो, मला सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांनी मूठ ओढली. इंजिन गप्प झालं.

"थांबली बग," नाना म्हणाले.

काकी खिडकीबाहेर बघत होत्या. "आता वो," म्हणाल्या, "कसला ह्यो पंप." त्यांनी गाठोडं उचललं, उतरून चाकाला दगड लावला आणि चिंचेच्या बुंध्याशी फडकं अंथरलं. मलाही बोलावलं. मी भाकरी घेतली आणि जरा लांब, दगडावर जाऊन बसलो. पंपाबद्दल एक शब्द बोललो नाही.

नाना बोलत होते. माझ्या दुकानात ज्यांचं एक वाक्य पुरं होत नसे, ते नाना हातवारे करून काहीतरी सांगत होते. अधूनमधून काकी हसायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. वाऱ्यानं मला शब्द ऐकू येत नव्हते.

बऱ्याच वेळानं भांडी आवरली. आम्ही परत गाडीत बसलो. काकींनी झाकण उचललं आणि दट्ट्या हाणला. तो घट्ट होता, आत हवा असायचं कारणच नव्हतं. तरी त्यांनी मनापासून हाणला, हात पुसले, झाकण लावलं. "मारा," म्हणाल्या.

नानांनी स्टार्टर मारला. इंजिन नुसतं फिरलं. परत मारला. परत तेच. नाना काचेतून समोर बघत होते, बोलायच्या नादात मूठ आत ढकलायची राहून गेली होती. मी मागून सांगणार, तेवढ्यात काकींनी खिडकीबाहेर बघता बघताच उजवा हात लांब केला, स्टेअरिंगच्या बाजूची मूठ आत ढकलली आणि हात परत मांडीवर ठेवला.

नानांनी स्टार्टर मारला. गाडी एका दणक्यात उठली.

"निघाली एअर," काकी म्हणाल्या.